मुतऱ्या, सवत, गळका आणि इतर

व्याही पहिल्यांदाच घरी आले, ते खांद्यावर ओला डाग घेऊन.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे, आणि ते निवृत्त न्यायाधीश होते. अशा माणसाच्या खांद्यावर डाग पडणं वेगळं आणि तुमच्याआमच्या खांद्यावर पडणं वेगळं. निदान उपसंचालकांचं तसं मत होतं. उपसंचालक हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. वजनमापे खात्यातून तो हुद्दा घेऊन ते घरी आले आणि परत करायचं विसरले. इमारतीत सगळे त्यांना उपसंचालकच म्हणत. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे मोजायचं माप त्यांच्या खात्यात नव्हतं, म्हणून ते सगळा आदरच धरून चालत.

"पत्ता सापडायला त्रास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," खुर्चीत टेकत व्याही म्हणाले. "नाक्यावरच्या दुकानदाराला इमारतीचं नाव सांगितलं, त्याला कळेना. तुमचं नाव सांगितलं, तेही कळेना. मग त्यानंच विचारलं, मुतऱ्यासमोरची बिल्डिंग का? मी म्हटलं, असेल. इथे येऊन झाडाखाली उभा राहिलो आणि खात्री पटली." रुमालाने खांदा टिपत ते पुढे म्हणाले, "पत्ता अगदी अचूक आहे हो तुमचा."

हे त्यांनी निकाल वाचावा तशा आवाजात सांगितलं. हसले असते तर परवडलं असतं.

झाड फाटकाशीच होतं. निम्मं कुंपणात, निम्मं पदपथावर. शेंड्यापर्यंत शेंदरी फुलांचे गुच्छ, लांबून पाहिलं तर डोळे निवावेत असे. पण त्याच्या कळ्या पाण्याने टचटचीत भरलेल्या असत. कळी दाबली की चिळकांडी उडे, आणि वर कावळ्याने चोच मारली की ते पाणी खालच्याच्या डोक्यावर. एखाद्या झाडाचं नाव इतकं सरळ पडावं, यात खरं तर कोणाचा दोष नव्हता.

"सगळे तसंच म्हणतात," बायको पाण्याचे पेले ठेवत म्हणाली. "मीही तसंच म्हणते."

उपसंचालकांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पूर्वी किराणा दुकानदारांचे हात कापत. बायकोचे कापले नाहीत. तिने चहा टाकला.

जाताना व्याह्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात घराची डागडुजी निघणार आहे, तेव्हा काही दिवस मुक्कामाला येऊ म्हणतो. "पत्ता आता काही विसरायचा नाही," ते म्हणाले आणि झाडाला वळसा घालून गेले.

त्याच संध्याकाळी उपसंचालकांनी ठरवलं की व्याही मुक्कामाला यायच्या आत झाडाला नीट, सभ्य, शुद्ध नाव मिळालं पाहिजे आणि ते पाटीवर लिहून बुंध्याशी लागलं पाहिजे. दुकानदाराने काही म्हणो, पाटी समोर असली म्हणजे माणूस पाटीवर विश्वास ठेवतो. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाची ही श्रद्धा होती आणि श्रद्धेला औषध नसतं.

पाटी करायला नाव लागतं. नाव विचारायला ते खाली उतरले.

तळमजल्यावरच्या मावशी अंगणातली पडलेली फुलं झाडत होत्या. "त्याला मी सवत म्हणते," त्या केरसुणी न थांबवता म्हणाल्या. "आमचे हे होते तोवर सकाळसंध्याकाळ खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. माझ्याकडे बघितलं नाही कधी तसं. ते गेले, आणि ही बया अजून माझ्याच दारात पसारा करतेय."

उपसंचालकांनी 'सवत' हे नाव मनातल्या मनात बाद केलं.

दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले झाडाखाली गाडी लावत आणि रोज सकाळी काचेवरचे डाग पुसत. ते त्याला 'गळका' म्हणत. दुसरीकडे का लावत नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, "सावली दुसरीकडे कुठे आहे?" सावली घ्यायची आणि शिव्याही द्यायच्या, हा त्यांचा स्वभाव विम्याच्या धंद्यात मुरला होता. गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाई म्हणाल्या की फूल बघा ना, अगदी तुतारी आहे, आम्ही तुतारीच म्हणतो. सोसायटीच्या अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं. ते कोणालाच नाही म्हणत नसत. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही ही सवय. त्यांनी झाडाला 'मशाल' म्हणतात असं सांगितलं, आणि उपसंचालकांचा चेहरा बघून 'किंवा तुम्ही म्हणाल ते' अशी पुस्ती जोडली.

एका झाडाला इतकी नावं असणं उपसंचालकांना शिस्तभंग वाटला. एक किलो म्हणजे एक किलो. गल्लीगणिक किलो बदलू लागला तर राज्य कसं चालायचं?

शेवटी ते प्राध्यापकांकडे गेले. वरच्या मजल्यावरच्या या गृहस्थांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी न उरल्यामुळे ते भेटेल त्याला शिकवत. लोक त्यांना जिन्यात पाहून किल्ली विसरल्याचं आठवत. त्यांच्या दारावरची घंटा आपण होऊन वाजवणारे उपसंचालक हे बहुधा पहिलेच.

प्राध्यापकांनी झाडाचं शास्त्रीय नाव सांगितलं. ते इतकं लांब होतं की मध्ये श्वास घ्यावा लागला. उपसंचालक सुखावले. "आता याचा अर्थही सांगा," ते म्हणाले. अर्थ विचारायला नको होता.

"कळीभोवतीचं आवरण पळीसारखं दिसतं," प्राध्यापक म्हणाले. "त्यावरून नाव. पुढचा भाग म्हणजे घंटेसारखं फूल असणारी."

"म्हणजे पळी आणि घंटा?"

"अगदी ढोबळ मानाने."

"म्हणजे तिकडच्या मावशींनी ठेवलेलं नाव."

"तिकडच्या मावशी नव्हेत, शास्त्रज्ञ," प्राध्यापक दुखावून म्हणाले आणि पुढे बराच वेळ बोलत राहिले. उपसंचालकांनी नाव तेवढं टिपून घेतलं. आपल्या भाषेत पळी म्हटलं तर गावंढळपणा, मेलेल्या भाषेत म्हटलं तर विद्वत्ता. त्यांना विद्वत्ता हवी होती.

सोसायटीची सभा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात भरली. गच्ची गळते म्हणून बोलावलेल्या सभेला जेमतेम चौघे येत. या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. उपसंचालकांनी शास्त्रीय नावाचा प्रस्ताव मांडला. मावशींनी ते म्हणून दाखवायचा प्रयत्न केला आणि कवळी सांभाळत तो सोडून दिला. विमावाले म्हणाले, पाटीवर 'गळका' लिहिलं तर निदान लोकांना सूचना तरी मिळेल. गाण्याच्या बाई म्हणाल्या, सूचनाच द्यायची तर सुरेल द्यावी. अध्यक्ष प्रत्येक बोलणाऱ्याला मान डोलावत होते आणि त्यांची मान आता दुखू लागली होती. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं.

चिठ्ठ्या उघडल्या. सवतीला एक, गळक्याला एक, तुतारीला एक, मशालीला एक, त्या लांब नावाला दोन, त्यातही एकात शुद्धलेखनाची चूक. बाकी झाडून साऱ्या चिठ्ठ्यांवर मुतऱ्या.

सगळे एकमेकांकडे असं बघू लागले, जणू बाहेरून कोणीतरी येऊन मतं टाकून गेलं होतं. तोंडाने हा शब्द उच्चारणार नाहीत अशी ही सभ्य माणसं. कागदाची घडी घालता आली की त्यांची सभ्यता त्या घडीत गुंडाळली जाते.

"अशिष्ट चिठ्ठ्या बाद," उपसंचालक म्हणाले.

"मग उरलं काय?" विमावाल्यांनी विचारलं.

"उरला तो निर्णय," उपसंचालक म्हणाले आणि सभा संपली असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

पण पाटी लावायची तर परवानगी हवी. झाड निम्मं पदपथावर, म्हणजे नगरपालिकेचं. दुसऱ्या कोणी रात्रीतून खिळा ठोकला असता आणि जग पुढे गेलं असतं. उपसंचालकांनी अर्ज केला. सरकारी नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, कारण रक्ताच्या जागी बहुधा शाईच होती.

उद्यान विभागाची कचेरी एका जुन्या तरणतलावाच्या मागे होती. आत एकही झाड नव्हतं; एक कुंडी होती आणि तिच्यात विझवलेल्या सिगारेटी. उद्यान अधिकारी तरुण होते आणि दमलेले दिसत. त्यांनी संगणकात पाहिलं.

"तुमच्या पत्त्यावर झाड आहे," ते म्हणाले. "पण त्याचं नाव 'इतर' असं आहे."

"इतर?"

"ज्यांचं नाव मोजणीवाल्यांना कळलं नाही ती सगळी इतर. शहरात इतर भरपूर आहेत."

"ते इतर नाही," उपसंचालक म्हणाले. त्यांचा आवाज चढला, कारण 'इतर' हा शब्द त्यांना नेहमीच अंगाला लागे. निवृत्तांच्या समारंभात त्यांचा सत्कार 'आणि इतर' मध्ये उरकला होता. त्यांनी खिशातून ते लांब नाव काढून टेबलावर ठेवलं. "ही दुरुस्ती करा. मग पाटीची परवानगी द्या."

अधिकाऱ्यांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ते जरा सरळ बसले. "हे नक्की? लेखी देता?"

"अर्थात." आणि उपसंचालकांनी लेखी दिलं. सही करताना त्यांना नोकरीतले दिवस आठवले आणि खूप दिवसांनी बरं वाटलं.

आठवड्याच्या आत पालिकेची माणसं आली. उपसंचालक पाटी बघायला म्हणून लगबगीने खाली उतरले. माणसांकडे पाटी नव्हती, रंगाचा डबा होता. त्यांनी बुंध्यावर मोठी लाल फुली मारली आणि फाटकावर नोटीस चिकटवली. सदर वृक्ष परदेशी व उपद्रवी जातीच्या यादीत असून फांद्या ठिसूळ आहेत, सबब तो काढून टाकण्यात येईल; हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावं. खाली कारण दिलं होतं: जातीची माहिती रहिवाशांनी स्वतः लेखी कळवल्यावरून.

जोवर झाड 'इतर' होतं तोवर ते सुखात होतं. नाव मिळालं आणि मरणाचं वॉरंट निघालं.

त्यानंतर इमारतीत जे झालं त्याला शोक म्हणावं की ढोंग, हे सांगणं कठीण आहे. रोज सकाळी झाडाला शिव्या देणारे विमावाले बुंध्यावर हात ठेवून उभे राहिलेले दिसले. "गळका असला म्हणून काय झालं," ते म्हणाले, "आमच्यातलाच होता." होता, असं; अजून झाड उभं होतं तरी. विमावाल्याला मरण लवकर दिसतं. गाण्याच्या बाईंनी क्लास बंद ठेवला. त्याबद्दल मात्र काहींनी झाडाचे आभार मानले. अध्यक्षांनी जिन्यात उपसंचालकांना नाही म्हटलं. कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण आयुष्यात प्रथमच म्हटलं. आणि मावशी बोलायच्याच बंद झाल्या. उपसंचालक दिसले की अंगण जोरात झाडत. फुलं नसली तरी झाडत.

उपसंचालकांना या सगळ्यांची कीव आली. काल चिठ्ठीवर नाही नाही ते लिहिणारी माणसं आज गळा काढतायत. हे ते बायकोला सांगायला गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती.

"त्या झाडाने तुमचं काय घोडं मारलं होतं?" तिने विचारलं.

"व्याह्यांसमोर शोभा झाली ती कमी होती?"

"व्याही घटकाभर आले. मी इथे रोज असते." ती वळली नाही. "तुम्ही कचेरीत, पोरगी शाळेत. दुपारभर या खिडकीत मी आणि ते. कावळा कुठल्या फांदीवर घरटं करणार, हे मला आधी कळायचं. तुम्ही कधी विचारलं नाहीत दिवसभर काय केलंस, म्हणून सांगितलं नाही."

उपसंचालक तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खिडकीतून झाड खरंच जवळ होतं. फुलांच्या आत पिवळी कड असते हे त्यांना तेव्हा कळलं. या घरात राहायला येऊन लेकीचं लग्न झालं, तोवर कळलं नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले.

"तुम्ही बघू नका," बायको म्हणाली. "तुम्ही बघितलंत म्हणूनच हे झालं."

पण ते बघायला बसले. रात्री नव्हे, भर दुपारी, नियमांचं पुस्तक पुढे घेऊन. आणि त्यांच्यातला जुना खात्यातला माणूस जागा झाला. उपद्रवी जातीचं झाड तोडता येतं. पण जात ठरली तरच. मापच ठरलं नसेल तर कारवाई कसली? त्यांनी उठून प्रत्येकाच्या दाराची घंटा वाजवली आणि जे बोलायला जिभेला सर्वांत जड होतं तेच बोलले. "सुनावणीला या. आणि झाडाला तुम्ही जे म्हणता तेच सांगा. एक अक्षर बदलू नका."

सुनावणीच्या सकाळीच व्याही सामान घेऊन मुक्कामाला आले. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तेही वरातीत सामील झाले. अधिकाऱ्यांच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले; खुर्ची व्याह्यांना मिळाली.

"हे झाड अमुक जातीचं आहे असं तुम्हीच लेखी दिलंय," अधिकारी म्हणाले.

"दिलं," उपसंचालक म्हणाले. "ते ऐकीव होतं. ऐकीव वजन आमच्या खात्यात धरत नसत. इथे राहणारी माणसं काय म्हणतात ते विचारा."

अधिकाऱ्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, सवत. का, तेही त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि अधिकाऱ्यांना त्यांच्या दिवंगत यजमानांच्या स्वभावाची बरीच माहिती मिळाली. विमावाले गळका म्हणाले. बाई तुतारी म्हणाल्या आणि सूर लावून दाखवायला तयार झाल्या. अध्यक्षांनी मशाल म्हटलं आणि या वेळी पुस्ती जोडली नाही.

"अहो, ही टोपणनावं झाली," अधिकारी कपाळ चोळत म्हणाले. "शास्त्रीय नाव एकच असतं."

सगळे प्राध्यापकांकडे पाहू लागले. घोडं अडलं ते इथेच. खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं आणि खरं बोलले तर झाड जात होतं. ते पुढे आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एकच असतं, हा सामान्यांचा गैरसमज." मग त्यांनी सुरुवात केली. कोणी कधी कुठलं नाव दिलं, ते कोणी खोडलं, पूर्वी ज्यांना दोन जाती समजत त्या एक कशा झाल्या, कुळाच्या वाटण्या कशा झाल्या, नमुना पानाफुलांसकट तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणं किती अशास्त्रीय. सगळं खरं होतं. इतक्या वर्षांनी त्यांना दार लावलेल्या खोलीत वर्ग मिळाला होता. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, छत पाहिलं, मग हात जोडले.

"पुरे," ते म्हणाले आणि बुडत्याने ओंडका धरावा तसं त्यांनी व्याह्यांना धरलं. "साहेब, तुम्ही न्यायाधीश होतात. इथले नाही, कोणाच्या बाजूचे नाही. तुम्हीच सांगा हे काय झाड आहे."

उपसंचालकांनी डोळे मिटले. व्याही उभे राहिले. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

"मला प्रत्यक्ष जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगतो," ते म्हणाले. "नाक्यावर मला या झाडाचं नाव मुतऱ्या असं सांगण्यात आलं. थोड्याच वेळात त्या नावाची मला व्यक्तिशः प्रचिती आली. पुरावा माझ्या सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर होता. सदरा धुतला गेला आहे. परंतु माझी साक्ष कायम आहे."

आणि ते बसले. कोणी हसलं नाही. इतक्या गंभीरपणे उच्चारल्यावर त्या शब्दालाही कायद्याचं कलम झाल्यासारखं वाटलं असणार.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: सदर वृक्षाच्या ओळखीबाबत एकवाक्यता नाही, नोंद पूर्ववत 'इतर', कारवाई स्थगित. पाटीची परवानगी अर्थातच नाकारली. ज्याला नावच नाही त्याची पाटी कशी लावणार? उपसंचालकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. आयुष्यात प्रथमच आपला अर्ज फेटाळला गेल्याचं त्यांना समाधान वाटलं. परतताना कोणी त्यांचे आभार मानले नाहीत. आग लावणाऱ्याने बंब बोलावला म्हणून त्याला हार घालायचा नसतो, असं विमावाले मागे म्हणाले. पण गाडीत जागा त्यांनाच पुढची दिली.

काही दिवसांनी सकाळी उपसंचालक आणि व्याही गॅलरीत चहा घेत बसले होते. खाली विमावाले गाडीपाशी थांबले होते आणि मावशी अंगण झाडत होत्या. आता निदान फुलं होती म्हणून.

"मावशी, जरा जपून," विमावाले म्हणाले. "उपसंचालक गळतायत."

"पहाटेपासून चाललंय त्यांचं," मावशी म्हणाल्या. "थांबेल आपोआप. वय झालं."

उपसंचालक कपासकट उठले. "कोणाबद्दल बोलताय?" त्यांनी वरून विचारलं.

दोघांनी वर पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. विमावाले जरा ओशाळले. "तुम्ही नाही हो. हे," ते बुंध्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तुमच्यामुळेच वाचलं ना. म्हणून सगळे त्याला तुमच्याच... म्हणजे हुद्द्यानेच."

सगळे. सभा नाही, चिठ्ठ्या नाहीत, अर्ज नाही; इमारतीत पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. आत बायको फोनवर कोणाला तरी पत्ता समजावत होती. "हो, उपसंचालकासमोरचीच बिल्डिंग. नाही हो, माणूस नव्हे, झाड. माणसाला विचारू नका, वेळ जाईल."

उपसंचालक सावकाश खाली बसले. चहा निवला होता. त्यांनी तो तसाच घेतला. जे काही वाचवता येत होतं ते वाचवायचं म्हणून ते व्याह्यांना म्हणाले, "एक मान्य कराल. ते जुनं अभद्र नाव तरी गेलं."

व्याह्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. एक कावळा कळीवर चोच मारत होता आणि विमावाल्यांच्या काचेवर नवी धार लागली होती.

"नाव गेलं," ते म्हणाले. "अर्थ तोच राहिला."